महामार्गावरची रोजची रपेट आणि ‘दुहेरी’ मोटारसायकल

सकाळी सहाच्या सुमारास कात्रजच्या नव्या बोगद्यातून साताऱ्याच्या दिशेने जाणारी वाहतूक पाहिली, तर मालट्रकांच्या रांगेशेजारून सरकणाऱ्या दुचाकी चटकन नजरेत भरतात. घर पुण्यात, मुलांची शाळा पुण्यात आणि नोकरी मात्र शिरवळ किंवा खंडाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात, अशी विभागणी ज्यांच्या वाट्याला आली आहे, त्यांची ही रोजची वाट. जाऊन-येऊन सुमारे शंभर किलोमीटर. कंपनीची बस पाळीच्या वेळेला बांधलेली, एसटी थांब्याला बांधलेली, आणि मोटारीचा रोजचा खर्च पगाराला न झेपणारा. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. म्हणून दुचाकी.

या दुचाकींमध्ये गेल्या काही वर्षांत एक निराळी जात दिसू लागली आहे. उंच, सडपातळ, लांब पायांची. पुढचे चाक मोठे, हँडल रुंद, बैठक ताठ. विक्रेते तिला ‘अ‍ॅडव्हेंचर’ म्हणतात, जाणकार ‘ड्युएल पर्पज’ म्हणतात. डांबरावरही चालावी आणि डांबर संपल्यावरही चालावी, असा तिचा दुहेरी बाणा. जाहिरातीत ती लडाखच्या खिंडीत किंवा स्पितीच्या नदीपात्रात असते. प्रत्यक्षात तिचे बहुतांश आयुष्य खेड शिवापूरच्या नाक्यावरून जाण्यायेण्यात संपते. तेव्हा प्रश्न असा, की डोंगरासाठी आखलेले यंत्र रोजच्या महामार्गासाठी घ्यावे का, आणि घ्यायचेच ठरले तर त्यात पाहावे काय?

हा प्रश्न वाटतो तितका हौसेचा नाही. महिन्याला अडीच हजार, वर्षाला तीस हजार किलोमीटर. साधारण दुचाकीस्वार जेवढे अंतर पाच-सहा वर्षांत तोडतो, तेवढे हा माणूस एका वर्षात तोडतो, आणि तेही अवजड वाहनांच्या सोबतीने. निवड चुकली तर ती रोज दोन तास पाठीला, मनगटांना आणि कधीतरी जिवालाही जाणवते.

या प्रकाराचा उगम आपल्याकडचा नव्हे. १९६८ मध्ये यामाहाने अमेरिकेत आणलेली ‘डीटी-१’ ही अडीचशे सीसीची टू-स्ट्रोक गाडी या वंशाची आद्य मानली जाते. तिकडे शहरापासून काही मैलांवर मोकळी जंगले आणि वाळवंटे होती. आठवडाभर कामाला जायचे आणि रविवारी त्याच गाडीवर रान तुडवायचे, हा त्यामागचा हिशेब. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने ‘आर ८० जी/एस’ आणून हाच विचार मोठ्या इंजिनाला लावला. भारतात हिरोने २०११ मध्ये ‘इम्पल्स’ ही दीडशे सीसीची गाडी आणली, तेव्हा तिचे करायचे काय, हे गिऱ्हाइकाला नीटसे उमगले नाही. ती फारशी खपली नाही आणि काही वर्षांनी बंद झाली. गंमत म्हणजे, बंद झाल्यावर तिला चाहते मिळाले. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची ‘हिमालयन’ आणि २०१९ मध्ये हिरोचीच ‘एक्सपल्स २००’ आल्यावर मात्र या गाड्या रस्त्यावर खऱ्या अर्थाने दिसू लागल्या.

‘इम्पल्स’चे उदाहरण येथे मुद्दाम घेण्यासारखे आहे, कारण महामार्गावरच्या रोजच्या प्रवासात सर्वांत आधी उभा राहणारा प्रश्न तिने नेमका दाखवून दिला. तो प्रश्न ताकदीचा.

वारा, चढ आणि शिल्लक

दुचाकी ताशी साठने धावत असताना इंजिनाची बरीचशी शक्ती वाऱ्याला बाजूला सारण्यात खर्च होते. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे साठवरून ऐंशीवर जाताना वेग एक तृतीयांशाने वाढतो. पण वाऱ्यापायी लागणारी शक्ती जवळजवळ अडीचपट होते. ऐंशीवरून शंभरावर जाताना ती पुन्हा जवळपास दुप्पट. त्यात दुहेरी उपयोगाच्या गाडीवर माणूस ताठ बसतो, छाती वाऱ्याला देऊन. रेसिंगच्या गाडीवर वाकून बसणाऱ्यापेक्षा तो वाऱ्याला अधिक अडतो.

ढोबळ गणित मांडून पाहू. गाडी आणि स्वार मिळून सव्वादोनशे-अडीचशे किलो वजन धरले, तर सपाट रस्त्यावर, वारा पडलेला असताना, ताशी ऐंशीने जाण्यासाठी मागच्या चाकाशी सहा ते सात अश्वशक्ती पुरते. हे ऐकून कोणालाही वाटेल, की मग शंभर सीसीची साधी गाडीही चालेल. पण पुणे-सातारा रस्ता सपाट नाही आणि वारा नेहमी पडलेला नसतो. पाच टक्क्यांचा चढ आणि समोरून ताशी वीस किलोमीटरचा वारा, एवढेच जमेला धरले, की तीच गरज तेरा अश्वशक्तीच्या आसपास जाते. चेन आणि गिअरबॉक्समधली घट धरून इंजिनाला चौदा-पंधरा अश्वशक्ती द्यावी लागते. ‘इम्पल्स’च्या इंजिनाची कमाल शक्तीच सुमारे तेरा अश्वशक्ती होती. म्हणजे अशा चढावर तिचा कान पूर्ण पिळला तरी ती ऐंशी धरू शकत नाही. मागून येणारा ट्रक मात्र आरशात मोठा होत जातो.

म्हणून महामार्गासाठी गाडी पाहताना कमाल वेगाचा आकडा फारसा उपयोगाचा नाही. एप्रिल २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर दुचाकीची वेगमर्यादा तशीही ताशी ऐंशी किलोमीटर आहे. पाहायचे ते हे, की ऐंशीने जाताना इंजिनाच्या हाती शिल्लक किती उरते. चढावर रेंगाळणाऱ्या कंटेनरला ओलांडायचे तर साठवरून ऐंशीवर झटपट जाता आले पाहिजे. ओलांडणे अर्ध्यावर अडकले, तर तो क्षण सर्वांत धोक्याचा.

या कसोटीवर ‘एक्सपल्स २००’ची सुमारे अठरा-एकोणीस अश्वशक्ती काठावर पास होते. २०२१ मध्ये तिला चार व्हॉल्व्हचे इंजिन मिळाले, त्याने वरच्या वेगातील धाप थोडी कमी झाली. गिअर मात्र पाचच राहिले. ऐंशीपर्यंत ती समाधानाने जाते. त्यापुढे इंजिनाची घरघर पायांच्या खुंट्यांतून आणि हँडलमधून कळू लागते. २०२५ मधील ‘एक्सपल्स २१०’ने हा दोष बराच दूर केला: द्रवशीतित इंजिन, साडेचोवीस अश्वशक्ती आणि सहावा गिअर. सुझुकीची २०२२ मधील ‘व्ही-स्ट्रॉम एसएक्स’ अडीचशे सीसीची, तेलाने थंड होणाऱ्या इंजिनाची. साडेसव्वीस अश्वशक्ती आणि सहा गिअर. महामार्गावर हे इंजिन बिनतक्रार चालते. जुनी ‘हिमालयन’ वेगळ्या वळणाची. ४११ सीसी असूनही शक्ती चोवीसच्या आसपास, पण ओढ ३२ न्यूटन मीटर आणि तीही खालच्या फेऱ्यांत. चढावर गिअर न बदलता ती संथपणे निघून जाते, आणि वजनदार असल्याने शेजारून कंटेनर गेला तरी डुलत नाही.

सहाव्या गिअरचे महत्त्व कागदावर कळत नाही. वरचा गिअर लांब असला, की त्याच वेगाला इंजिन कमी फेऱ्या घेते. आवाज घटतो, थरथर घटते आणि तासाभराने बोटांना येणाऱ्या मुंग्याही. पाच गिअरची गाडी वापरणारे काही जण पुढच्या स्प्रॉकेटचा दात वाढवून घेतात. चौदाचे पंधरा दात केले, तर त्याच वेगाला फेऱ्या सुमारे सात टक्क्यांनी उतरतात. अर्थात फुकट काहीच मिळत नाही. घाटात तेवढाच जोर कमी पडतो आणि गिअर खाली आणावा लागतो.

एकवीस इंचांचे चाक

या गाड्यांचे रूप ज्यामुळे नजरेत भरते, ते पुढचे मोठे चाक हाच निवडीचा दुसरा कळीचा मुद्दा, आणि येथे डोंगर आणि महामार्ग यांची मागणी परस्परविरोधी आहे.

चाक जितके मोठे, तितके ते खड्ड्याच्या कडेवर कमी तिरक्या कोनातून चढते. लहान चाक ज्या खड्ड्यात आपटते, त्यावरून एकवीस इंची चाक नुसते उसळून जाते. त्याला लांब हालचालीच्या सस्पेन्शनची जोड मिळाली (एक्सपल्स २०० मध्ये पुढे १९० मिलिमीटर), की पावसाळ्यातल्या सेवा रस्त्याचे भय उरत नाही. जुलैमध्ये पाण्याने भरलेला खड्डा रात्री किती खोल आहे, हे कोणालाच दिसत नाही. त्या एका क्षणासाठी ही गाडी घेतली, असे सांगणारे स्वार भेटतात आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही.

पण एकवीस इंची चाक बहुधा तारांचे, म्हणजे स्पोकचे असते. आणि साध्या स्पोकच्या चाकात ट्यूब लागते. ट्यूबमध्ये खिळा शिरला, की हवा झपाट्याने जाते. ट्यूबलेस टायरमध्ये तोच खिळा बुचासारखा अडकून राहतो आणि स्वाराला गॅरेजपर्यंत पोहोचू देतो. ताशी ऐंशीने जाताना, मागे ट्रक असताना, पुढच्या चाकातली हवा अचानक जाणे म्हणजे काय, याची कल्पना करणे कठीण नाही. शिवाय ट्यूबचे पंक्चर काढायला चाक उतरवावे लागते. पाळी सुटल्यावर रात्री अकराला कापूरहोळजवळ हे काम करून देणारा मिळेलच, याची शाश्वती काय? ट्यूबलेसला दहा मिनिटांत दोरी भरता येते आणि ते साहित्य सीटखाली मावते.

‘व्ही-स्ट्रॉम एसएक्स’ला पुढे एकोणीस आणि मागे सतरा इंचांची अलॉय चाके आणि ट्यूबलेस टायर आहेत. रान तुडवणारे तिला नाके मुरडतात. अलॉय चाक दगडावर आपटले तर वाकते किंवा तडकते, स्पोकचे चाक ते सोसते, हे त्यांचे म्हणणे बरोबर. परंतु ज्याच्या शंभर किलोमीटरपैकी पंच्याण्णव डांबराचे आहेत, त्याने पाच किलोमीटरसाठी पंच्याण्णव किलोमीटरांचा धोका का पत्करावा? आता काही गाड्यांना तारांची असूनही ट्यूबलेस चालणारी चाके मिळू लागली आहेत. २०२३ च्या अखेरीस आलेल्या ‘हिमालयन ४५०’ला ती नंतर देण्यात आली. मात्र ती गाडी आपल्या ‘लहान’ या व्याख्येत बसवणे अवघड आहे.

टायरच्या नक्षीविषयी थोडेसेच सांगायचे. ठळक, विरळ ठोकळ्यांचे टायर चिखल पकडतात. ओल्या डांबरावर त्यांचा रस्त्याशी संपर्क कमी असतो, ब्रेक लावल्यावर अंतर वाढते आणि वेगात त्यांचा घूं-घूं आवाज हेल्मेटमध्ये भरून राहतो. शिवाय ते लवकर झिजतात. वर्षाला तीस हजार किलोमीटर धावणाऱ्याने डांबराकडे झुकलेली नक्षी निवडावी आणि गाडी दिसायला थोडी सौम्य झाली तरी वाईट वाटून घेऊ नये.

ब्रेकची गोष्ट याच्याशी जोडलेली आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. पण ते एकाच चाकाला असले तरी नियमाची पूर्तता होते. ‘एक्सपल्स २००’ला ते पुढच्या चाकापुरतेच आहे. कच्च्या रस्त्यावर मागचे चाक घसरवून वळणारे तरबेज स्वार असतात, त्यांना मागे एबीएस नकोच असते. पाळी संपवून, अर्धवट झोपेत, पावसात घरी निघालेल्या माणसाला मात्र दोन्ही चाकांना ते हवे. साताऱ्याकडून येताना बोगदा ओलांडला, की नवले पुलापर्यंतचा दीर्घ उतार लागतो. अवजड वाहनांचे ब्रेक निकामी होऊन तेथे वारंवार अपघात झाले आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने तेथे पाठोपाठ अनेक वाहनांना धडक दिली होती. त्या उतारावर पुढची वाहने अचानक थांबली, तर आपल्याला सरळ रेषेत थांबता येणे आणि मागच्याला वाट करून देता येणे, या दोन गोष्टी गाडीकडून मिळायला हव्यात. मऊ, लांब सस्पेन्शनची गाडी जोरात ब्रेक लावल्यावर पुढे वाकते. सवय नसलेला स्वार येथे गांगरतो. म्हणून नवी गाडी घेतल्यावर मोकळ्या जागी दहा-वीस वेळा कडक ब्रेक लावून पाहणे हे फुलांचा हार घालण्याइतकेच आवश्यक कर्म मानावे.

बैठक, ओझे आणि हिशेब

उंचीचा प्रश्न शोरूममध्येच सुटतो असे अनेकांना वाटते. या गाड्यांची सीट जमिनीपासून ८२० ते ८३५ मिलिमीटर असते. साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाचे दोन्ही तळवे पूर्ण टेकत नाहीत. शोरूमच्या फरशीवर ते चालून जाते. रस्त्याच्या कडेच्या खडीत, पाठीवर लॅपटॉपची पिशवी आणि मागे रेनकोट बांधलेला असताना गाडी एका बाजूला कलली, तर टेकायला पाऊल सापडत नाही. जुन्या ‘हिमालयन’ची सीट ८०० मिलिमीटर म्हणून ती पुष्कळांना सोयीची वाटली, मात्र वजन १९० किलोंच्या पुढे. उलट ‘एक्सपल्स २००’ १६० किलोंच्या आत. उंच आणि हलकी, की बुटकी आणि जड, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या पायांना विचारावे.

सीटची रुंदी हा दुर्लक्षित मुद्दा. उभे राहून गाडी चालवता यावी म्हणून या गाड्यांची सीट पुढे चिंचोळी ठेवतात. पहिल्या वीस किलोमीटरांत काही जाणवत नाही. चाळिसाव्या किलोमीटरला स्वार बूड सरकवू लागतो. पाठीवरची पिशवी तर पहिल्याच आठवड्यात काढून टाकावी. तिचे वजन मणक्यावर येते आणि वारा तिला मागे खेचतो. मागे कॅरिअर बसवून पेटी किंवा बाजूच्या पिशव्या लावणे केव्हाही चांगले. समोरची काच लहानशी असली तरी छातीवरचा वारा कमी करते. पण चुकीच्या उंचीची काच तोच वारा थेट हेल्मेटवर सोडते आणि डोके तासभर खडखडत राहते. हे प्रत्यक्ष चालवल्याशिवाय कळत नाही.

आता पैशाचा भाग. वर्षाला तीस हजार किलोमीटर धावणारी गाडी लिटरला चाळीस किलोमीटर देत असेल, तर साडेसातशे लिटर पेट्रोल लागते; तीस देत असेल तर हजार. पेट्रोल शंभर रुपये धरले तरी फरक पंचवीस हजारांचा. म्हणजे शोरूममध्ये दहा हजारांच्या सवलतीसाठी तास घालवणाऱ्याने अ‍ॅव्हरेजच्या प्रश्नावर दुप्पट वेळ घालवायला हवा. आणि हे अ‍ॅव्हरेज वेगावर अवलंबून असते. वाऱ्याचे वर सांगितलेले गणित टाकीलाही लागू आहे. नव्वदऐवजी पंचाहत्तरने जाणाऱ्याची पाच-दहा मिनिटे जातात आणि महिन्याचे पैसे वाचतात.

कराचा हिशेबही बदलला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यापुढच्या दुचाकींवर तो ४० टक्के झाला. दोनशे-अडीचशे सीसीच्या गाड्यांना याने बळ मिळाले. साडेचारशेची गाडी केवळ हौस म्हणून घेणे आणखी महाग पडले. ४११ सीसीची ‘हिमालयन’ २०२३ मध्ये बंद झाल्याने ती आता जुन्या बाजारातच मिळते. तेथे घेताना २०१८ नंतरची, म्हणजे एबीएस असलेली, आणि शक्यतो २०२० नंतरची बीएस-६ गाडी पाहावी.

देखभालीला मात्र माणूस विसरतो. चेनला दर पाचशे किलोमीटरला तेल द्यायचे, असे पुस्तकात लिहिलेले असते. रोज शंभर किलोमीटर जाणाऱ्याला ते दर पाच दिवसांनी, म्हणजे दर शनिवारी द्यावे लागते. पावसाळ्यात त्याहून लवकर. चेन-स्प्रॉकेटचा संच आणि मागचा टायर हे इतरांना वर्षांनी येणारे खर्च त्याला दरवर्षी येतात. कंपनीची हमी वर्षांत सांगितली जाते, पण तिला किलोमीटरचीही मर्यादा असते आणि अशा स्वाराची हमी वर्षांआधी किलोमीटरनेच संपते; तो आकडा आधी वाचावा. सर्व्हिस सेंटर घराच्या किंवा कारखान्याच्या वाटेवर असणे, सुटे भाग आठवड्याभरात मिळणे, या गोष्टी या माणसासाठी दोन-तीन अश्वशक्तीपेक्षा मोलाच्या आहेत. गाडी चार दिवस गॅरेजला अडकली, तर त्याचे चार दिवस अडकतात.

मग निवड कोणती? ज्याची वाट बहुतेक डांबरी आहे, त्याला एकोणीस इंची पुढचे चाक, ट्यूबलेस टायर, दोन्ही चाकांना एबीएस, सहा गिअर आणि पंचवीसच्या आसपास अश्वशक्ती हा मेळ सर्वांत रास्त ठरतो. आजच्या बाजारात ‘व्ही-स्ट्रॉम एसएक्स’ त्याच्या जवळ जाते. ज्याला महामार्ग सोडून भोर किंवा वेल्ह्याकडच्या आतल्या गावापर्यंत फुटक्या रस्त्याने दहा-पंधरा किलोमीटर जावे लागते, किंवा ज्याचा रविवार खरोखरच सह्याद्रीत जातो, त्याच्यासाठी एकवीस इंची ‘एक्सपल्स’चा त्रास सोसण्यासारखा आहे, आणि ती २१० असेल तर महामार्गही सुसह्य. आणि ज्याच्या वाटेवर ना कच्चा रस्ता ना रविवारची भटकंती, त्याला दीडशे-एकशेसाठ सीसीची साधी, बुटकी, ट्यूबलेस गाडी कमी पैशांत पुरेशी होईल. फक्त चढावर तिने डाव्या बाजूला राहून ट्रकांच्या मागे जाण्याची तयारी ठेवावी. हे उत्तर शोरूममध्ये कोणी देणार नाही.

निर्णयाआधी एक गोष्ट अवश्य करावी. विक्रेता देतो ती चाचणी गल्लीच्या टोकापर्यंतची असते. तिच्यात फक्त रंग आवडतो. पुण्यात दिवसाच्या भाड्याने अशा गाड्या मिळतात. ज्या गाडीवर मन बसले आहे तीच, सुटीच्या दिवशी नव्हे तर कामाच्या दिवशी, रोजच्याच वेळी, रोजच्याच ओझ्यासह घ्यावी आणि कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन यावे. बोगद्याच्या चढावर तिने ऐंशी धरले का, खेड शिवापूरला पोहोचेपर्यंत बोटांना मुंग्या आल्या का, सारोळ्याच्या नीरेच्या पुलावर आडव्या वाऱ्याने ती सरकली का, आणि संध्याकाळी नवले पुलाच्या उतारावर ब्रेक लावताना हात किती आवळला गेला, एवढे कागदावर लिहून ठेवावे. शक्य असेल तर हे पावसाळ्यात करावे.